१९३८ च्या बिल्डिंगमधला फ्लॅट घ्यावा का? घ्या, पण आधी जिन्याखाली वाकून बघा

आधी प्रश्न काय होता ते सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. माटुंग्याला फाइव्ह गार्डनच्या बाजूला १९३८ ची बिल्डिंग, तळमजला आणि वर तीन मजले, एकूण आठ फ्लॅट, लिफ्ट नाही. सगळ्यात वरचा ८०० फुटांचा फ्लॅट विकायला आहे. उंच छत, मोझॅकची फरशी, बर्मा टीकच्या खिडक्या, गोल गॅलरी, नवरा-बायको दोघंही बघताक्षणी प्रेमात पडलेत. मेंटेनन्स महिन्याला फक्त २,२०० रुपये. एजंट म्हणतो सोसायटी नाहीये, कंडोमिनियम आहे, उलट बरंच, एनओसीची कटकट नाही. सासूबाई सोबत राहणार, वय ७१. तर घ्यावा का?

मी स्ट्रक्चरल रिपेअर कन्सल्टंट आहे, दादर-माटुंगा-वडाळा पट्ट्यात २६ वर्षं याच वयाच्या बिल्डिंगींच्या गच्च्यांवर आणि हाऊस गल्ल्यांमध्ये (दोन बिल्डिंगींमधली सांडपाण्याच्या पाइपांची अरुंद गल्ली) हिंडतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तो २,२०० चा आकडा ज्याचं तुम्हाला कौतुक वाटतंय. आठ फ्लॅट गुणिले २,२०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला २ लाख ११ हजार. त्यात झाडूवाला, पंप, जिन्यातले दिवे, पाण्याचं बिल, टाकी साफ करणं, झाडं छाटणं. उरतं काय? काही नाही. ८५ वर्षं उलटून गेलेल्या बिल्डिंगला बाहेरून पूर्ण प्लास्टर, बीम-कॉलमची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि ड्रेनेजच्या उभ्या लाइनी हे सगळं एकदा करायचं म्हटलं की समजा ६० लाख लागले (आकडा उदाहरणापुरता, तुमचा कमीही येईल जास्तही येईल), तर तुमच्या फ्लॅटचा हिस्सा ११.८ टक्के धरला तरी ७ लाखाच्या वर तुमच्या डोक्यावर. म्हणजे आजवरच्या रहिवाशांनी जे भरायचं टाळलं ते तुम्ही फ्लॅटच्या किमतीसोबत विकत घेताय. मेंटेनन्स कमी असला की मला आनंद होत नाही, मी लगेच विचारतो बँकेत किती आहे. चार लाख म्हणाले की समजायचं उधारी तुंबलीय.

सोसायट्यांमध्ये फार वेगळं आहे असंही समजू नका. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी) वर्षाला कमीत कमी पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का सांगितलाय, पण तो कशाच्या, तर फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या. आता १९३८ साली फ्लॅटचा बांधकाम खर्च समजा १०,००० रुपये आला असेल, तर सिंकिंग फंड झाला वर्षाला २५ रुपये! आणि असा २५ रुपये हिशोबाने फंड जमवणाऱ्या सोसायट्या मी स्वतः पाहिल्यात, खजिनदार काका अभिमानाने सांगतात आम्ही नियमाच्या बाहेर एक पैसा घेत नाही. जनरल बॉडी ठराव करून जास्त घेऊ शकते, पण ठराव मांडणार कोण.

आता कंडोमिनियमचं. पुण्यात अपार्टमेंटचं डीड म्हटलं की बऱ्याच जणांना कळतं, मुंबईत मात्र जो तो सोसायटीच धरून चालतो म्हणून नीट सांगतो. १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे, त्याखाली मालकाने डिक्लेरेशन, म्हणजे बिल्डिंगमध्ये कोणाचं काय आणि सामाईक काय हे सांगणारा दस्त, नोंदवायचं आणि मग एकेका फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट करून द्यायचं. सोसायटी नोंदवायला पूर्वी किमान दहा सभासद लागायचे, त्यामुळे सहा-आठ फ्लॅटच्या छोट्या बिल्डिंगींनी हा रस्ता धरला, तुमची आठ फ्लॅटचीच आहे, तिथेही तेच झालं असणार. घरमालकाच्या वारसांनी भाडेकरूंना ज्याचा त्याचा फ्लॅट विकला आणि स्वतःकडे दोन-तीन ठेवले, ही या भागातली नेहमीची गोष्ट. यात फ्लॅटचे तुम्ही खरे मालक, अधिक जमीन-जिना-गच्ची-कॉलम-भिंती यात तुमचा न विभागलेला हिस्सा, डिक्लेरेशनमध्ये टक्क्यात लिहिलेला. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट असतं, इथे हा टक्का. आणि एनओसीची कटकट कमी हे एजंटचं म्हणणं साधारण बरोबर आहे.

पण पुढचं एजंट सांगत नाही. सोसायटीत एक सभासद एक मत. इथे मतं टक्क्यावर, आणि टक्का काढलेला असतो फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात. मी एका बिल्डिंगचं काम केलं तिथे वारसांकडे तळमजल्याचे दोन फ्लॅट आणि गॅरेजेस मिळून ३१ टक्के होते, त्यात बाराबारा टक्क्यांचे दोन शेजारी मिळाले की ५५, म्हणजे मीटिंग संपलीच म्हणायची. बाकीचे पाच जण कितीही ओरडोत. त्या ३१ टक्केवाल्यांनी गच्ची गळते हा विषय तीन वर्षं अजेंड्यावर येऊच दिला नाही, कारण ते राहतात तळमजल्यावर, त्यांच्या घरात गच्चीचं पाणी पोचायला अजून वीस वर्षं लागतील. तुम्ही वरच्या मजल्यावर जाताय. कळलं ना मी कुठे येतोय.

म्हणून डिक्लेरेशनची नोंदणीकृत प्रत मागा आणि वकिलाकडे देण्याआधी स्वतः वाचा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. एक, टक्के कोणाकडे किती. दोन, गच्चीबद्दल काय लिहिलंय. कायद्यात पाया, कॉलम, बीम, मुख्य भिंती, छप्पर, जिने हे सगळं सामाईकच धरलंय, पण डिक्लेरेशनमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर. हा ‘नसेल तर’ महागात पडतो. काही डिक्लेरेशनमध्ये घरमालकाने गच्चीचा किंवा आवारातल्या मोकळ्या जागेचा खास वापर स्वतःकडे ठेवून घेतलेला असतो, आणि मग गळतीची दुरुस्ती सगळ्यांनी करायची पण गच्चीवर मांडव त्यांनी घालायचा अशी गंमत होते.

कायद्यात तुमच्या बाजूचंही आहे. सामाईक खर्च टक्क्याप्रमाणे प्रत्येकाला द्यावाच लागतो, मी गच्ची वापरत नाही, मी जिना चढत नाही, माझा फ्लॅट बंदच असतो, ही कारणं कायदा ऐकत नाही. तळमजल्यावाल्यांना हे वाचून दाखवायला लागतं, मी दाखवलंय. पण ह्याच कायद्याचं दुसरं टोक तुम्हाला टोचू शकतं: विकणाऱ्याने थकवलेल्या वर्गणीला खरेदीदारही विकणाऱ्याच्या जोडीने जबाबदार असतो. म्हणून असोसिएशनकडून, म्हणजे कंडोमिनियमच्या फ्लॅटमालकांच्या संघटनेकडून, थकबाकीचा लेखी हिशोब घ्या, बयाण्याच्या आधी. तोंडी ‘काही नाही हो, सगळं क्लिअर आहे’ यावर जाऊ नका. आणि एक मिनिट, असोसिएशन खरंच चालू आहे का तेही बघा, निम्म्या ठिकाणी कागदावर असते आणि प्रत्यक्षात एक काका वहीत हिशोब लिहितात, बँक खातं त्यांच्या आणि वारलेल्या सेक्रेटरीच्या नावावर.

जमिनीचंही एक बघून घ्या. १८९६ चा प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यांनीच ही दादर-माटुंग्याची वसाहत आखली, रुंद रस्ते, झाडं, बिल्डिंगींमध्ये हवा खेळायला जागा, मजल्यांवर बंधन. तुमच्या खिडकीतून जे हिरवं दिसतं ते त्या प्लेगची देणगी आहे एका अर्थाने. पण ट्रस्टने बरेच प्लॉट भाडेपट्ट्याने दिले होते आणि ट्रस्ट गेल्यावर ते महापालिकेकडे आले. तेव्हा प्रॉपर्टी कार्डावर जमीन कोणाच्या नावे, लीज किती वर्षांची आणि कधी संपते, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे बिल्डिंग. १९३० च्या दशकात मुंबईत आरसीसीची, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटची, लाट आली, मरीन ड्राइव्ह, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा, सगळीकडे त्या गोलाकार गॅलऱ्या आणि खिडक्यांवरून भुवईसारखे जाणारे छज्जे. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगी २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, तुमच्या भागाला ते कौतुक नाही पण घराणं तेच. तेव्हाचं काँक्रीट हाताने कालवलेलं, सळ्या गोल गुळगुळीत, आणि छज्ज्याला कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, जेमतेम. दिसायला नाजूक सुंदर तो छज्जा आणि पहिला गंजतो तोही तोच.

गंजण्याची गंमत अशी की ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली असते तोवर सळीला काही होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, अल्कली मरते, मग सळीपर्यंत ओल आणि हवा पोचली की गंज. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो, म्हणून प्लास्टर फुगतं, चीर पडते, आणि एक दिवस ढलपा खाली. आम्ही काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारतो, गुलाबी झालं तर अजून जीव आहे, रंग आला नाही तर अल्कली संपली. माझ्या हातून हे शेकडो वेळा झालंय तरी तो गुलाबी रंग दिसला की बरं वाटतं.

तुम्हाला अर्थात हे करता येणार नाही, पण दोन-तीन गोष्टी कोणीही करू शकतं. जिन्याखाली वाकून लँडिंगच्या स्लॅबचा तळ बघा, तिथे कोणी रंगरंगोटी करत नाही, खरी तब्येत तिथे कळते. सळी उघडी दिसली, तपकिरी डाग दिसले, रांगेत सरळ चिरा दिसल्या (सळीच्या रेषेतच चीर येते) तर नोंद करा. मोरी आणि संडासाच्या बाहेरच्या भिंतीला हाऊस गल्लीतून वर बघा. पिंपळ उगवलेला असेल तर नुसती फांदी तोडून काही होत नाही, मूळ भिंतीत कुठवर गेलंय हा प्रश्न. बिडाचे जुने पाइप, जोड शिसं ओतून केलेले, त्यांना तडा गेला की भिंत पाणी पीत राहते. मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगींचे जेवढे कॉलम मी संडासाच्या लाइनीजवळ सडलेले पाहिलेत तेवढे समोरच्या बाजूला कधीच नाही. समोरून बिल्डिंग नेहमी देखणी असते हो.

ऑडिट रिपोर्ट मागा. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं मुंबईत बंधनकारक आहे, महापालिका कायद्याचं ३५३-ब कलम. रिपोर्टमध्ये वर्ग लिहिलेला असतो: सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. या वयाच्या बऱ्या बिल्डिंगी बहुतेक सी-२बी मध्ये बसतात, त्याला घाबरू नका, उलट सी-३ लिहिलेलं दिसलं तर मी दोनदा वाचतो. आणि शेवटचं पान नुसतं वाचू नका, टेस्टचे आकडे आहेत का बघा. हाफ-सेल पोटेन्शियल (सळीचा गंज विजेच्या दाबावरून ओळखायची टेस्ट) उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. ज्या रिपोर्टमध्ये फक्त फोटो आणि ‘ओव्हरऑल कंडिशन फेअर’ आहे त्या रिपोर्टची किंमत झेरॉक्सइतकी. एकाच बिल्डिंगचे दोन रिपोर्ट निघाले, एक सी-१ आणि एक सी-२बी, तर समजा आत दोन पार्ट्या आहेत, एकीला बिल्डर हवाय. असे वाद महापालिकेच्या टेक्निकल ॲडव्हायझरी कमिटीकडे जातात आणि तोवर दुरुस्ती लटकते.

वरच्या मजल्याचं खास. गच्चीवर कितवा कोबा, म्हणजे पाणी अडवायला घातलेला जाड थर, आहे ते विचारा. विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी साडेचार इंचाचा धरला तर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वजन, आणि आपल्याकडे गळायला लागलं की जुना न काढता त्यावर नवा चढवायची पद्धत. एका ठिकाणी मी तीन थर मोजले, वर प्लास्टिकच्या दोन टाक्या, हजार-हजार लिटरच्या, म्हणजे आणखी दोन टन, त्याही स्लॅबच्या मधोमध ठेवलेल्या. कंत्राटदार स्वस्तात करतो म्हणतो कारण जुनं फोडून खाली उतरवायची मजुरी वाचते.

आणि हाच हिशोब तुमच्या घरात लावा, कारण मला माहितीये ताबा मिळाला की इंटिरियरवाला येणार. मोझॅकवर नवी टाइल टाकू म्हणेल. दोन इंच माल अधिक टाइल म्हणजे चौरस मीटरला साधारण १२५ किलो, तुमच्या ८०० फुटांना ९ टनाच्या वर. स्लॅबचा हिशोब करताना राहत्या घराला माणसं-सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरतात, त्यातला अर्ध्याहून जास्त तुम्ही फरशीतच खाल्लात. ते मोझॅक घासून पॉलिश करा, दगडासारखं निघतं, तुटलेल्या टाइलला जोडीची टाइल हवी असेल तर सिमेंटच्या हातबनावटीच्या टाइल्स अजून बनतात, भारत फ्लोअरिंग्ज १९२२ पासून मुंबईत आहेच. बाथरूम फोडायचंच असेल तर छिन्नी-हातोडीने, ब्रेकर मशीन लावू देऊ नका, खाली चार-साडेचार इंचाचा म्हातारा स्लॅब आहे आणि त्याखाली कुणाचं तरी देवघर. हे मी विनोदाने म्हणत नाही, खरंच देवघरात प्लास्टर पडलेलं पाहिलंय, त्यानंतर त्या दोन घरांत बोलणं नाही, आणि आठ घरांच्या बिल्डिंगमध्ये दोन घरं बोलत नसली की पुढचा कुठलाच ठराव होत नाही.

भिंती पाडून हॉल मोठा करायचा विचार तर सोडूनच द्या. कोणती भिंत भार घेते आणि कोणती नुसती आडोसा हे या काळच्या बिल्डिंगींत नुसतं ठोकून कळत नाही, काहींत आरसीसी आणि विटांच्या भारवाहक भिंती मिसळलेल्या असतात. अपार्टमेंट कायद्यातही इमारतीला धोका होईल असं काम करायला मनाई आहे, तुमच्या पैशाने तुमच्या घरात केलं तरी.

वायरिंग, पटकन: मीटरबोर्ड कुठे आहे बघा. बहुतेक जिन्याखालीच असतो, जिथे शेजारी जुने पेपर आणि सायकलीही ठेवतात. दोन दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या लाइनीवर आज घरटी तीन एसी आहेत. मेन लाइन बदललीय का आणि कधी, हे विचारा. सगळ्यांनी मिळून करायच्या कामांत मी याला गच्चीच्याही आधी घेतो.

हेरिटेज यादीचं लोकांना उगाच भय आहे. मुंबईचे हेरिटेज नियम १९९५ पासून आहेत, श्रेणी १, २, ३ आणि प्रिसिंक्ट (म्हणजे अख्खा परिसरच यादीत), तुमची बिल्डिंग कशात आहे की नाही ते वॉर्डमध्ये विचारून घ्या. असली तर बाहेरच्या बदलाला परवानगी लागते, आतल्या रंगाला कोणी विचारत नाही. खरा फरक उंचीला पडतो, म्हणून ज्यांना टॉवर हवाय ते चिडतात. आणि ‘पाच वर्षांत रीडेव्हलपमेंट होणार’ हे एजंटचं वाक्य मी १९९९ पासून त्याच त्याच बिल्डिंगींबद्दल ऐकतोय. या आशेवर लोक दुरुस्ती करत नाहीत, पाडायचंच आहे तर खर्च कशाला. ना टॉवर होतो ना गच्ची.

सासूबाईंचं वेगळं बोलू. तीन मजले, जुन्या बिल्डिंगीचे मजले उंच, म्हणजे साठ-सत्तर पायऱ्या सहज. आज ७१ ला चढतील, रोज भाजी आणतील, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर सहा आठवडे घरात कोंडल्यासारखं होईल. लिफ्ट नंतर लावता येते का? काही ठिकाणी येते, जिन्याच्या विहिरीत जागा असली किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत बाहेरून शाफ्ट उभा करता आला तर, महापालिकेची परवानगी घेऊन. मी अशा चार लिफ्टा उभ्या राहिलेल्या बघितल्या आणि अकरा कागदावर मेलेल्या. मेल्या त्या जागेअभावी फार थोड्या, बाकीच्या तळमजल्याच्या विरोधात. लिफ्टच्या भरवशावर फ्लॅट घेऊ नका. त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्याचा कधी निघतोय का तेही विचारून ठेवा, गच्ची पण वाचेल.

मग घ्यावा का? माझं उत्तर घ्यावा असंच आहे, मी स्वतः अशाच एका १९४१ च्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि मे महिन्यात दुपारी पंखा एकवर चालतो. पण किंमत ठरवताना मालकाला सांगा की दुरुस्तीतला माझा हिस्सा यातून वजा करा, ऑडिटमधला अंदाज समोर ठेवून. आणि गेल्या पाच वर्षांची मिनिट्सची वही मागा. त्यात भांडणं असतील तर हरकत नाही, भांडून शेवटी ठराव झाला आणि काम झालं असं दिसलं पाहिजे. वहीच नाही म्हणाले, किंवा दरवर्षी ‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली’ हे एकच वाक्य असेल, तर मी त्या घराला हात लावणार नाही, फरशी कितीही सुंदर असू दे.

बयाणा देऊ नका एवढ्यात. जुलैत दोन दिवस धो धो पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. मालकाने नवा रंग मारून ठेवला असेल तर बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात उलटा तळहात लावून बघा, ओल हाताला कळते. मग उतरताना खालच्या फ्लॅटची बेल वाजवा, आम्ही वरचा घ्यायच्या विचारात आहोत सांगा, आणि त्यांच्या मोरीचं छत दाखवाल का विचारा. बहुतेक ठिकाणी आत बोलावून चहा देतात आणि अर्ध्या तासात बिल्डिंगचा सगळा इतिहास सांगतात, माझ्या रिपोर्टपेक्षा जास्त.

डिक्लेरेशन हातात आलं की टक्क्यांचं पान इथे लिहा, नावं न घालता, मी सांगतो मीटिंगमध्ये कोणाशी आधी बोलायचं ते.